निष्कलंक काचेचे रहस्य

प्रकरण पहिले : कुलूपबंद टाकी

वाशीम नगरीतील प्रथितयश वस्त्रव्यापारी माणिकचंद शेटजी यांच्या शुभ्र चारचाकीच्या टाकीतून डिझेल अदृश्य होत होते. आणि आश्चर्याची परिसीमा अशी की, त्या टाकीला कुलूप होते.

ही वार्ता ऐकताच राजपालने हातातील कपबशी खाली ठेवली. आजवरच्या आयुष्यात त्याने अनेक गूढे उकलली होती, परंतु ती सारीच्या सारी विवाहविषयक होती. नवरामुलगा दारू पितो काय, नवरीमुलीचे आधी कुठे जुळले होते काय, सांगितलेली शेती खरोखर आहे काय, अशा नाजूक प्रश्नांची उत्तरे तो आपल्या जुनाट मोपेडवर बसून गावोगावी फिरून आणीत असे. मोटारगाडीच्या विद्येत मात्र तो पूर्णतः कोरा होता. त्याने जन्मात कधी स्टेअरिंगला हात लावलेला नव्हता.

"शेटजी, हे काम मिस्त्रीचं हाय," तो नम्रपणे म्हणाला.

"मिस्त्री पुर्जा पाह्यते. मले मानूस पाह्याचा हाय," शेटजी म्हणाले. त्यांनी कमरेला खोचलेली किल्ली बाहेर काढून दाखविली. "टाकीले कुलूप म्या बसवलं. किल्ली माह्यापाशी. पंपावर मी सोता उभा राह्यतो. आधी गाडी लिटरले अठराचं अॅव्हरेज देत होती. कार्तिकी पुनव झाली, अन् नवावर येऊन बसली! सांग आता."

"गाडी जास्त चालली असन."

"तेच त! मीटर म्हनते गाडी कमी चालली. टाकी म्हनते डिझेल जास्त गेलं. म्या कोनावर इस्वास ठेवावा?"

शेटजींचा संशय एकाच माणसावर होता. मोईन हा त्यांचा गाडीचालक. मोईनचा बापही याच घरी गाडी चालवून थकला होता. "पोरगा वाईट नाई," शेटजी खिन्न स्वरात म्हणाले, "पन डिझेल पाहून भल्याभल्याचं मन फिरते. सोमवारपर्यंत तू खरं काय ते सांग. नाई त मी ठान्यात तक्रार देतो."

राजपालच्या अंगावर काटा उभा राहिला. ज्या चालकाचे नाव डिझेलचोर म्हणून एकदा झाले, त्याला या जिल्ह्यात कोणीही पुन्हा आपली गाडी देत नाही, हे त्यास ठाऊक होते. सोमवार म्हणजे परवाच होता.

"अन् बाईच्या कानावर जाऊ देऊ नोको," शेटजींनी पत्नी हीराबाईंविषयी बजावले. "मोईनले ते पोरावानी मानते. तिले म्या सांगतलं, तू श्रेयांसच्या स्थळाची चौकशी करून राह्यला."

मग शेटजींनी त्यास अंगणात उभ्या असलेल्या गाडीपाशी नेले आणि समोरच्या काचेकडे बोट दाखविले. तेथेच या प्रकरणातील पहिला आणि सर्वांत चमत्कारिक पुरावा राजपालच्या दृष्टीस पडला. वस्तुतः दृष्टीस काहीच पडले नाही.

माणिकचंद शेटजी धर्मनिष्ठ जैन होते. वेगाने धावणाऱ्या गाडीच्या काचेवर किडे-पाखरे आपटून मरतात, ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागे. म्हणून त्यांचा दंडक होता की, गाडी घरी आल्यावर ते स्वतः काच पाहीपर्यंत कोणी ती पुसायची नाही. काचेवर मेलेले जीव अधिक दिसले, की शेटजी त्या दिवशी एकासणे करीत, म्हणजे एकदाच जेवत.

आज त्या काचेवर धूळ होती. धुळीवरून दवाचे ओघळ सरळ खाली उतरलेले होते. परंतु ओलिताच्या रानांवर चिलटांचे थवेच्या थवे फिरत असण्याच्या त्या दिवसांत, काचेवर एकाही किड्याचा डाग नव्हता.

"पुनवेपासून काच अशीच हाय," शेटजी म्हणाले. "म्हंजे गाडी कुठी धावलीच नाई. उभ्याच गाडीतून डिझेल चाललं, राजपाल! पन कुलूप लागेल टाकीतून ते निंगते कसं?"

राजपालने कुलूप पाहिले, काच पाहिली, पुन्हा कुलूप पाहिले. आणि तो किंकर्तव्यमूढ होऊन उभा राहिला.

प्रकरण दुसरे : वेगाचा गुन्हेगार

शेटजींचा चिरंजीव श्रेयांस दुकानात गादीवर बसून मोबाइल पाहत होता. राजपालने त्यास बाजूला घेताच तो मोकळेपणाने हसला.

"काका, माह्यावर डाउट असन त आधीच सांगतो. मी गाडी दाबतो. समृद्धीवर चढलो का काटा एकशेवीसवर. तवा अॅव्हरेज पडते, हे मलेबी माहीत हाय."

"मंग तूच—"

"पन तवाची काच पाह्याले पाह्यजे होती तुमी! अर्धा किलो किडे! पप्पानं लागोपाठ एकासणं केले, मम्मीनं माह्याशी बोलनं सोडलं, अन् गाडी माह्याकडून काढून घेतली. दिवाळीपासून मी फटफटीवर हाव."

एक संशयित असा सहजी निसटल्याचे पाहून राजपाल हिरमुसला. श्रेयांसने आवाज खाली आणला.

"माहं ऐका. मोईन मीटरचं वायर काढून ठेवत असन. मानोऱ्याकडच्या तांड्याईवरून लोक ऊसतोडीले निंगून राह्यले. सवारी मारनाऱ्याईची चांदी हाय. वायर काढलं का मीटर थांबलं, गाडी फुकट फिरली."

हा तर्क ऐकून राजपालच्या मनात एकदम प्रकाश पडला, आणि दुसऱ्याच क्षणी तो विझला. मानोऱ्यापर्यंत सवारी नेणारी गाडी धावतच जाणार. मग काचेवर किडे का नाहीत?

"पुसून टाकत असन," श्रेयांस म्हणाला.

"धूळ तशीच हाय न बापा! धूळ ठेवून नुसते किडे पुसता येते काय?"

श्रेयांस विचारात पडला. "मंग भूतच चालवत असन," असे म्हणून त्याने पुन्हा मोबाइल हाती घेतला.

जाता जाता राजपालने सहज विचारले, "मोईन सकाळी कोनाले घेऊन जाते?"

"मम्मीले. शिरपूरले दर्शनाले. कोनत्या कोनत्या दिवशी पायटेच जाते."

शिरपूर काही जवळ नव्हते. जाऊन येण्यात मीटरचा आकडा चांगलाच पुढे सरकला पाहिजे. परंतु शेटजींच्या म्हणण्याप्रमाणे मीटर तर कमी दाखवीत होते. मग हीराबाई शिरपूरला पोहोचत होत्या तरी काय?

प्रकरण तिसरे : दोन्ही बाजूंना वळणारी गाडी

शफीक मिस्त्रीचे गॅरेज अकोला नाक्यावर होते. स्थळाच्या चौकशीत मुलाच्या गाडीचाही समावेश असतो, अशी लटकी सबब सांगून राजपालने मोईनकरवी गाडी तेथे आणविली. शफीक गाडीखाली शिरला आणि बऱ्याच वेळाने कपाळाला काळे लावून बाहेर आला.

"मीटरच्या वायरले कोनी हात नाई लावला. डिझेलच्या पाइपावर वर्षाची धूळ जशीच्या तशी हाय. कोनी खोललं असतं त बोटाईचे निशान दिसले असते. रेडिएटरची जाळी पाह्यली. तिच्यात एक मच्छर अटकेल नाई."

"म्हंजे गाडी उभीच होती?"

"उभी कशी राह्यन?" शफीकने नाक वर करून वास घेतल्यासारखे केले. "क्लच प्लेट जळून राह्यली हाय. उभ्या गाडीची जळते काय? घाटात फसेल ट्रकाची जळते अशी."

"वाशीमात घाट कुठी हाय?"

"तेच त मी म्हनतो," शफीक म्हणाला. "अन् अजून एक मजा. मागचे इंडिकेटरचे बलब मोईननं परवा बदलून नेले. दोनी बाजूचे, एकदमच."

राजपालचे डोके गरगरू लागले. जी गाडी उभी होती ती घाटात फसली होती, आणि फसलेल्या अवस्थेत ती एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे वळत होती! त्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात असा खोटारडा नवरदेवसुद्धा आढळला नव्हता.

मोईन बाहेर लिंबाखाली टायरवर बसून डाव्या गुडघ्याला तेल चोळीत होता. तिशीचा, किडकिडीत, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे.

"काय झालं गा गुडघ्याले?"

"कायी नाई जी. दुखते."

"डावाच काहून?"

"उजवाबी दुखावा काय?"

राजपालने आता आडवळण सोडले. "मोईन, स्थळगिळ सब झूट. शेटजीले तुह्यावर डिझेलचा संशय हाय. सोमवारी ठान्यात जातीन ते."

तेल चोळणारा हात थांबला. क्षणभर त्याच्या मुद्रेवर अशी कळा आली की, राजपालला आपण बोललो याचाच पश्चात्ताप झाला.

"माह्या अब्बानं याच घरची गाडी चालवली," मोईन हळू म्हणाला. "शेटजीनं मले विचारलंबी नाई?"

"मी विचारतो न. कुठी नेतो गाडी?"

"बाईजी सांगते तिथी."

"अन् डिझेल कोन पेते?"

"गाडी पेते. मी त नाई पेत."

"अरे बाबा, नाव खराब होईन! मंग या जिल्ह्यात कोन गाडी देईन तुले? बोल न कायतरी!"

"जबान देल्ली हाय जी," मोईन उठला. त्याने डावा पाय जपून टेकविला. "अन् बाईजीले यातलं कायी सांगू नका. तुमाले अल्लाची कसम हाय. सांगतलं त माह्यापेक्षा मोठं नुकसान होईन."

नुकसान कोणाचे, हे विचारण्याआधीच गाडी निघून गेली.

प्रकरण चौथे : भिंतीवरचा फिकट चौकोन

रविवारी दुपारी राजपाल शेटजींच्या घरी गेला. हीराबाई स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपेक्षा ओसंडत होती.

"सांगा राजपालभाऊ, कशी हाय पोरगी?"

राजपालला घाम फुटला. "पोरगी... शिकेल हाय."

"कोनत्या गावची?"

"जऊळक्याची," तोंडात आले ते नाव त्याने सांगून टाकले.

"जऊळक्याले? कोनाची हो? तिथचे आपले सारे घरं मले माहीत हाय. टेशनाजवळच्याइची काय? तिचं त लगन झालं न!"

"नाई, म्हंजे... ते सध्या मामाकडं राह्यते."

"मामा कुठचा?"

सुदैवाने हीराबाई सुपारीचा डबा घेण्यास वळल्या आणि जमिनीवर बसल्या. तेव्हा लुगड्याच्या काठाखालून त्यांची पावले दिसली, आणि राजपाल खोटे बोलण्याचेही विसरला. संपन्न घरातील त्या स्त्रीचे तळवे डांबराने काळे पडलेले होते. टाचांना खोल भेगा होत्या आणि एका अंगठ्यास चिंधी बांधलेली होती.

"बाईजी, पायाले काय झालं?"

हीराबाईंनी झटकन पाय झाकले. "मंदिरात अनवानीच जा लागते न," त्या म्हणाल्या.

मंदिराच्या गुळगुळीत फरशीने तळवे काळे होत नाहीत, एवढे राजपालला समजत होते. परंतु समजून त्याचा काही उपयोग करता येत नव्हता. त्याने संकोचाने नजर भिंतीकडे वळविली. तेथे कुटुंबातील व्यक्तींच्या तसबिरींची रांग होती. मधोमध मात्र एक रिकामा खिळा होता आणि त्याखाली भिंतीचा फिकट राहिलेला चौकोन.

"इथी कोनाचा फोटो होता?"

हीराबाई काही बोलण्याआधी दारातून आवाज आला, "कोनाचाच नाई. मले एकच पोरगा हाय."

शेटजी दारात उभे होते. हीराबाई मान खाली घालून आत गेल्या.

फाटकापाशी श्रेयांसने राजपालला गाठले. त्याचा नेहमीचा खोडकरपणा पार मावळला होता. "ते माही बहीन. खुशबूताई. तिनं दीक्षा घेतली, साध्वी झाली. आपल्यात घरच्याईची आज्ञा लागते. पप्पानं नाई देल्ली. मम्मीनं देल्ली. त्या दिवसापासून पप्पा तिचं नाव काढत नाई. म्हनले, माह्या घरचा दिवाबी तिच्या मांगं नाई जानार."

"कुठी असते आता?"

"साध्वीचं काय ठिकान? पायी फिरत राह्यते. चातुर्मासात एका जागी. तो कार्तिकी पुनवेले संपला का पुन्हा पायी."

राजपालला त्या पोरीची कथा हृदयद्रावक वाटली. परंतु डिझेलशी तिचा संबंध त्यास तिळमात्र दिसला नाही. संध्याकाळ जवळ येत होती. उद्या सोमवार होता.

प्रकरण पाचवे : वरात

त्याच संध्याकाळी रिसोड नाक्यावर राजपालची मोपेड एका वरातीमागे अडकली. पुढे बँड, त्यापुढे नाचणारी तरुण मंडळी, आणि त्यांच्या मागे फुलांनी मढविलेली नवरदेवाची गाडी. ती मुंगीच्या पावलांनी सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती.

"हाना भाऊ बाजूले!" राजपाल ओरडला.

नवरदेवाच्या गाडीचा चालक खिडकीतून डोके काढून वैतागाने म्हणाला, "कुठी हानू? माहा डावा पाय गेला कामातून! क्लच दाबू दाबू जीव चालला. एवढ्याशा अंतरात एवढं डिझेल पेली, का आमी नागपूरले निम्मं गेलो असतो. अन् मीटर पाह्या, जागचं हाललं नाई!"

राजपालने मोपेड रस्त्यातच बंद केली. बँड कानाशी वाजत होता, तरी त्यास काही ऐकू येत नव्हते.

डावा पाय. क्लच. डिझेल जास्त, मीटर कमी. आणि इतक्या हळू जाणाऱ्या गाडीच्या काचेवर आपटून कोणता किडा मरणार?

कार्तिकी एकादशीनंतर लग्नसराई सुरू होते, हे चौकशीवाल्या राजपालइतके कोणास ठाऊक असणार! तो तसाच मोईनच्या घरी गेला आणि दारातूनच गरजला, "सापडलास! शेटजीची गाडी तू वरातीले देतो!"

मोईनने त्याच्याकडे पाहिले आणि त्या दोन दिवसांत तो प्रथमच हसला. "काका, गाडी फक्त पायटे निंगते. बाईजीसोबत. पायटे कोनाची वरात असते हो?"

राजपालचा विजय जागच्या जागी कोसळला. तो मटकन खाटेवर बसला. वरात नव्हे. मग पहाटे गाडीच्या पुढे पायी चालणारे असे कोण, की ज्यांच्या पावलांच्या वेगाने गाडीने सरकावे? कोण, की जे कार्तिकी पौर्णिमा झाल्यावरच मार्गस्थ होतात? आणि कोणाच्या पाठोपाठ चालून शेटाणीचे तळवे डांबराने काळे व्हावेत?

भिंतीवरचा तो फिकट चौकोन त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"खुशबू," तो पुटपुटला.

मोईन ताडकन उठला आणि त्याने दार लोटून घेतले. "नाव नका घेऊ. साध्वी झाल्यापासून त्या महाराजसाहेब हाय." मग तो खालच्या आवाजात सांगू लागला.

"रिसोडातून पयल्या दिवशी तिघी साध्वीजी निंगाल्या. बाईजीले खबर लागली. म्हने, मोईन, नुसतं दुरून पाहू. इतलं धुकं, का हात दिसत नव्हता. त्यातून एक ट्रक त्याइच्या इतक्या जवळून गेला, का अंगावरची चादर उडाली. बाईजी मटकन खालीच बसल्या. त्या दिवसापासून त्या तिघी जवा निंगते, बाईजी त्याइच्या मांगं पायी, अन् मी बाईजीच्या मांगं गाडी घेऊन. दोनी इंडिकेटर चालू. ट्रकवाल्याले दुरून दिसलं पाह्यजे."

"हेडलाइट लावत जा न मंग."

"लावले होते. महाराजसाहेब मांगं वळून पाह्यत नाई कधी. त्या दिवशी थांबल्या, अन् म्हनल्या, भाई, समोरचे दिवे बंद ठेवा, उजेडावर किडे येतात आन मरतात." मोईनने गुडघा दाबला. "लहानपनी मले खुशबूदीदीनच मराठी वाचाले शिकवलं होतं. तवापासून त्याइचं सांगनं मोडत नाई मी. आता जाता-येताबी गाडी बैलगाडीवानी हळूच हाकतो."

सारे कोडे सुटले होते, आणि सुटल्यामुळे अधिकच बिकट झाले होते. खरे सांगावे तर हीराबाईंचे गुपित फुटणार, शेटजी गाडी बंद करणार, आणि धुक्यात त्या तिघींच्या पाठीशी कोणीही उरणार नाही. खोटे सांगावे तर मोईन चोर ठरणार.

"शेटजीले सांगू नका," मोईन म्हणाला. "मले चोर म्हनू द्या. चोर त मी नाई, हे मले माहीत हाय."

"उद्या कुठून निंगनार त्या?"

"रिठदवरून. वाशीमकडं."

राजपाल घरी निघाला. शेटजींना खरे सांगावे की खोटे, याचे उत्तर त्यास मिळत नव्हते. मग त्याच्या ध्यानी आले की, स्थळाच्या चौकशीत जेव्हा जेव्हा दोन्ही बाजूंचे सांगणे जुळत नसे, तेव्हा तो काहीच सांगत नसे. तो पक्षकाराला सोबत नेऊन दाखवीत असे.

प्रकरण सहावे : चोर दाखविला जातो

सोमवारी उजाडले होते, परंतु धुक्यामुळे तूर कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते, हे कळत नव्हते. रिठदच्या रस्त्याने राजपालची मोपेड फटफट करीत चालली होती. मागे माणिकचंद शेटजी कानाला मफलर गुंडाळून, राजपालच्या कमरेला घट्ट धरून बसले होते.

"कुठी नेऊन राह्यला मले? हाडं खिळखिळे झाले!"

"चोर दाखवतो न जी. मुद्देमालासकट."

एका बाभळीपाशी राजपालने मोपेड थांबविली. पुढे धुक्यात दोन पिवळे दिवे एकदमच लागत होते, एकदमच विझत होते. शेटजींनी गाडी ओळखली.

"माही गाडी! इथी काय करून राह्यली? शिरपूर त पार दुसऱ्या बाजूले हाय!"

"सांगतो," राजपाल म्हणाला. आपल्या व्यवसायातील हे पहिलेच खरे रहस्य तो उलगडीत होता. "शेटजी, तुमची टाकीबी खरी, तुमचं मीटरबी खरं. मीटर चाकाचे फेरे मोजते. इंजिन मातर वेळ पेते. गाडी पयल्या गेरात मानसाच्या चालीनं चालली, त मीटर हालत नाई, डिझेल जळत राह्यते. कोनी चोरलं नाई. म्हून कुलूप साबूत, पाइप साबूत. अर्ध्या क्लचवर पाय ठेवू ठेवू मोईनचा गुडघा गेला, प्लेट जळाली. दोनी इंडिकेटर सारखे चालू, म्हून दोनी बलब एकदम गेले. आन तुमची काच. तुमाले वाटलं काच साफ, म्हंजे गाडी उभी होती. गाडी उभी नव्हती जी. इतकी हळू चालत होती, का किड्यालेबी बाजूले व्हाले वेळ भेटत होता."

"पन मानसाच्या चालीनं काहून? कोनाच्या मांगं?"

राजपालने नुसते पुढे बोट दाखविले.

धुके जरासे विरळ झाले. गाडीच्या पुढे एक स्त्री अनवाणी चालत होती. शेटजींनी आपली पत्नी ओळखली आणि त्यांचे तोंड उघडेच राहिले. तिच्याही पुढे तीन शुभ्र आकृती हाती दंड घेऊन चालल्या होत्या. मधली आकृती उजवा खांदा किंचित उचलून चालत होती. शाळेचे दप्तर एकाच खांद्यावर घेणारी मुले मोठेपणीही तशीच चालतात.

शेटजींच्या मुद्रेवर प्रथम लाली चढली. "माह्या घरचा दिवा..." ते म्हणाले. "म्या म्हनलं होतं..." त्यांनी हात उचलला. ते आता ओरडणार, मोईनला थांबविणार, असे राजपालला वाटले.

इतक्यात मागून घरघर ऐकू आली. एक ट्रक धुक्यातून आला आणि त्या दोघांच्या शेजारून सुसाट पुढे गेला. तो सरळ त्या चौघींच्या रोखाने चालला होता. मग लुकलुकणारे ते दोन दिवे त्याला दिसले. ब्रेक करकरले, ट्रक रस्त्याच्या पलीकडच्या कडेने लांब वळसा घेऊन निघून गेला. चौघी चालतच राहिल्या. त्यांच्यातील एकीनेही वळून पाहिले नाही.

शेटजींचा उचललेला हात तसाच हवेत होता. तो त्यांनी खाली घेतला. मफलर सोडला. मग ते गाडीकडे चालू लागले. पळावे लागले नाही. गाडी तेवढीच हळू होती. त्यांनी दार उघडले तसा मोईन पांढराफटक पडला.

"शेटजी, मी—"

"गाडी चालव. राजपाल, बस मांगं."

राजपालने मोपेड बाभळीला टेकविली आणि तो मागच्या आसनावर जाऊन बसला. गाडी गुरगुरत सरकत होती. हीराबाईंनी एकदा मागे पाहिले. पुढच्या आसनावर कोण बसले आहे हे त्यांना दिसले. त्यांनी डोक्यावरून पदर सारखा केला आणि त्या पुढे चालू लागल्या.

"अर्ध्या क्लचवर काहून ठेवतो?" शेटजी अचानक म्हणाले. "प्लेट जळते, डिझेल जळते, गुडघा जाते. त्याइले जरा पुढं जाऊ दे. मंग सोड. मंग थांब."

मोईनने तसे केले. गाडी थांबली. पांढऱ्या आकृती पुढे गेल्या.

"थांबल्यावर इंजिन बंद करू काय जी? अजून वाचन."

शेटजींनी मान हलविली, आणि तेवढ्यात पुढे धुके दाटून आले. रस्ता नाहीसा झाला. पांढरे काही दिसेना.

"नोको!" ते एकदम म्हणाले. "बंद नोको करू. चालूच राहू दे. पुढं घे, पुढं घे!"

गाडी पुढे सरकली. आधी हीराबाईंची आकृती पुन्हा दिसू लागली, मग तिच्यापुढच्या तिघी. शेटजींनी श्वास सोडला. कमरेची किल्ली काढून त्यांनी मोईनसमोर ठेवली.

"हे तुह्यापाशी ठेव. आता डिझेल पायटेच भरा लागन. मी कुठी येत बसू पंपावर?" थोड्या वेळाने, खिडकीकडे पाहत, ते पुन्हा म्हणाले, "म्या तुले आधी विचाराले पाह्यजे होतं रे."

मोईनने किल्ली उचलून खिशात घातली आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

काचेवर दव दाटले होते. मोईनने वायपरच्या कांडीकडे हात नेला, तोच शेटजींनी त्याचे मनगट धरले. काचेच्या मधोमध, बाहेरच्या बाजूने, एक राखाडी पतंग पंख मिटून बसला होता. दवात भिजून जड झालेला, पण जिवंत.

"मंग दिसन कसं जी?"

माणिकचंद शेटजींनी आपल्या बाजूची काच खाली केली, मफलर मांडीवर ठेवला, आणि डोके बाहेर काढून त्या शुभ्र पाठीवर नजर रोखली. इतक्या दिवसांत जिच्याकडे त्यांनी पाहिले नव्हते, तिच्यावरून आता त्यांना क्षणभरही डोळे काढता येत नव्हते.

"मी सांगतो," ते म्हणाले. "जरासं पुढं घे... हं... हळू... ते दम घेऊन राह्यली. थांब."